डॉक्टर शियाओंचा जड हात

चिन-येला तिच्या नवऱ्याने मारलं ते राजदेवतांच्या उत्सवाच्या दिवशी, दुपारी, पाहुणे जेवून गेल्यावर. कारण म्हटलं तर काहीच नव्हतं. गल्लीत मांडव घालून टेबलं मांडली होती, तुंगकांग बंदरावरचे निम्मे लोक जेवायला होते, आणि नवरा कुओ-तुंग दोन पेले चढवून सगळ्यांना सांगत होता की तो माणसाएवढा कुपा मासा त्याने एकट्याने गळाला लावून बोटीवर ओढला. चिन-ये सूप वाढत होती. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "तो तर दादाच्या बोटीवर धरला होता. तुम्ही तेव्हा पोट धरून घरी पडला होतात."

टेबलावर हशा पिकला. कुओ-तुंगही हसला, त्याने स्वतःहून बायकोच्या नावाने एक पेला घेतला. मग पाहुणे उठले, भाड्याची टेबलं उचलायला माणसं आली, आणि त्याने तिला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. तळहात जरा खोलगट करून त्याने तिच्या डाव्या कानावर एकच ठेवून दिली. आवाज काही फार झाला नाही. तिच्या डोक्यात मात्र कुणीतरी ढोल फोडल्यासारखं झालं आणि त्या बाजूचं जग एकदम लांब गेलं.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. पण मागच्या खेपेला तिचा भाऊ बंदरात होता. त्येन-फू हा तिचा एकुलता एक मोठा भाऊ. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तो एकटाच. कुप्याच्या बोटीवर तांडेल, हात वल्ह्यासारखे, आणि बोलणं थोडकं. बहिणीचा सुजलेला गाल पाहून तो तसाच कुओ-तुंगच्या घरी गेला होता, त्याला देव्हाऱ्यासमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत गुडघ्यावर बसवलं होतं आणि एवढंच म्हणाला होता, "पुन्हा उचललास तर तो हात मी मोडून ठेवीन." त्यानंतर तो लांबच्या समुद्रात गेला. त्या काळी अशा बोटी वर्ष-वर्ष परत येत नसत. आता त्याची परतायची होती, नव्या वर्षाच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिन-येने नाक शिंकरलं तेव्हा डाव्या कानातून वारा सूं करत बाहेर आला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. बोट घातलं तर बोटाला सुकलेलं रक्त लागलं. ती घाबरली आणि तिने सासूला सांगितलं.

सासूला बंदरावर सगळे मानकाकू म्हणत. लाल जवळ्याचं वाळवण हा तिचा धंदा, आणि आख्खं अंगण काळ्या जाळीवर पसरलेल्या जवळ्याने गुलाबी झालेलं असे. विधवा बाई, पण बंदरावर तिच्या शब्दाला मान होता, कारण ती कधी आवाज चढवत नसे. तिने सुनेचं ऐकून घेतलं. "नाक शिंकरलं की वारा येतो म्हणतेस?" तिने विचारलं. मग खाली बसून जवळ्यातले बारीक मासे निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "डॉक्टर शियाओंकडे जाऊ. मी येते बरोबर."

चिन-येला बरं वाटलं. सासू आपणहून दवाखान्यात न्यायला निघाली, हे तिला नवं होतं. वाटेत मानकाकूने तिचा हात धरला होता. "त्या शियाओचा हात जड आहे," ती म्हणाली. "दुखलं तर गप्प बसू नकोस. माणूस ओरडल्याशिवाय त्याला कळत नाही. चांगली ओरड."

डॉक्टर शियाओ हे बंदरावरचे एकमेव कान-नाक-घशाचे डॉक्टर. उंच, वाकलेले, कपाळावर गोल आरसा. त्यांच्या दवाखान्यात बाकांवर नेहमी दाटी असे, आणि खोलीला दाराऐवजी एक कापडी पडदा होता, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येई. औषधं त्यांची बायको छोट्या खिडकीतून द्यायची. डॉक्टर माणूस हुशार होते पण गोड नव्हते. पोरं रडली तर म्हणत, "रडून कान बरा होत असेल तर मी कशाला बसलोय इथे?" मोठ्यांनाही ते मान धरून हवी तशी वळवत. गावात असं कुणी नव्हतं ज्याने त्यांच्या खुर्चीत बसून एकदा तरी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, आणि असंही फारसं कुणी नव्हतं जो तिथून बरा होऊन आला नव्हता.

त्या दिवशी सोमवार, त्यामुळे गर्दी जास्तच होती. चिन-येची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी जेवलेलंसुद्धा नव्हतं. त्यांनी तिचा कान वर ओढला, थंड नळी आत सरकवली, आरसा फिरवला.

"रक्त सुकून बसलंय. हे काढल्याशिवाय मला आतलं दिसणार नाही. हलू नकोस."

ती हलली. धातू आत लागला तशी ती आपोआप मागे सरली. त्यांनी एका हाताने तिचं डोकं खुर्चीला दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने बारीक आकडी आत घातली. दुखलं ते साधं दुखणं नव्हतं. दाढेपासून डोळ्यापर्यंत एक तापलेली तार ओढल्यासारखं झालं. चिन-ये ओरडली. सासूने सांगितलं होतं म्हणून नव्हे, पण तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही की त्यातली किती किंचाळी दुखण्याची होती आणि किती सांगितलेली. बाहेरचे बाक गप्प झाले.

आकडीच्या टोकाला काळपट खपली आली, तिच्यामागून ताज्या रक्ताचा एक थेंब. डॉक्टरांनी पुन्हा आरसा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. एवढ्या हळू ते कधी कुणाशी बोलत नसत.

"कानाचा पडदा फाटलाय. हे कान कोरायच्या काडीने होत नाही. तुला कुणी मारलं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात दाराचा पडदा बाजूला झाला आणि मानकाकू आत आली.

"काय केलंत हो तिला?" तिने शांतपणे, पण बाहेर ऐकू जाईल असं विचारलं. "स्वतःच्या पायांनी चालत आली माझी सून. नुसता कानात दडा बसला होता. हे रक्त कुठलं?"

डॉक्टर म्हणाले की कानाचा पडदा आधीच फाटलेला आहे, कडा पाहूनच कळतं.

"कडा तुम्हाला दिसतात. आम्हाला तुमच्या हातातली आकडी दिसते." मानकाकूने पडदा पुरता सारला, म्हणजे बाकांवरच्या सगळ्यांना चिन-ये दिसावी: खुर्चीत आक्रसलेली, गालावर रक्ताची रेघ. "आधीच फाटला होता, तर ती आत्ता का ओरडली? घरी का नाही ओरडली?"

"तिलाच विचारा," डॉक्टर म्हणाले.

"विचारते. चिन-ये, इथे यायच्या आधी तुझ्या कानातून रक्त येत होतं?"

वाहत नव्हतं, हे खरंच होतं. चिन-येने मान हलवली. नाही. मानकाकूने तिला दंडाला धरून उठवलं. औषधाच्या खिडकीमागून डॉक्टरांची बायको बाहेर आली होती, तिने चिन-येच्या हातात कापूस कोंबला आणि पटकन सांगितलं, "पाणी जाऊ देऊ नकोस, नाक जोरात शिंकरू नकोस, दोनेक महिन्यांत आपोआप भरून येईल." तेवढं ऐकायलाही सासू थांबली नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी बंदरभर झाली. आणि गंमत अशी की मानकाकूला फारसं बोलावंच लागलं नाही. ज्याला त्याला आपापला कान आठवला. मासळीबाजारातली एक म्हणाली, त्याच्याकडे जाऊन आल्यापासून माझ्या कानात भुंगा फिरतो. बर्फाच्या कारखान्यातला एक म्हणाला, माझ्या बापाला म्हातारपणी ऐकू येईना ते याच्यामुळेच असणार. ज्याच्या पोराचा पिकलेला कान डॉक्टरांनी अर्ध्या रात्री उठून धुतला होता, तोही म्हणाला, हात मात्र राक्षसाचा आहे. दुखतं म्हणजे इजा होते, हे कुणाला पटवावं लागत नव्हतं. ते ज्याच्या त्याच्या अंगाला ठाऊक होतं.

घरी कुओ-तुंगने विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. त्याने बायकोला स्वतःच्या हाताने माशाचा तुकडा वाढला. "फार दुखतं का?" असंही विचारलं. लग्नानंतर इतकं मऊ तो क्वचितच बोलला होता, आणि चिन-येला, आता हे सांगायलाही लाज वाटते, ते आवडलं.

पुढच्याच आठवड्यात मानकाकूने नातेवाईक गोळा केले. मेलेल्यांच्या नावाने जाळतात ते पिवळे कागद टोपल्या भरभरून आणले, आणि सगळे दवाखान्यापुढे गेले. चिन-येला कानाला मोठं फडकं बांधून एका स्टुलावर, दवाखान्याच्या बरोबर समोर, उन्हात बसवलं. दुसरं काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं. बायका मुठी भरून कागद दारावर उधळत होत्या, जणू आत मढं आहे. वाऱ्याने ते कागद आतल्या बाकांवर जाऊन पडत. कुणी बाई पोराला घेऊन आलीच तर मानकाकू तिला गोड आवाजात म्हणे, "जा हो जा, मागच्या वेळी आत गेलेली माझी सून ती तिथे बसलीय, तेवढं बघून जा."

असं कित्येक दिवस चाललं. रोज संध्याकाळी डॉक्टरांची बायको केरसुणी घेऊन बाहेर येई आणि कागद झाडून काढी. ती कुणाकडे पाहत नसे. एकदा फक्त केरसुणी चिन-येच्या स्टुलाजवळ आली तेव्हा ती खाली वाकून म्हणाली, "पाय उचल." चिन-येने पाय उचलले. तिने खालचे कागद झाडले आणि पुढे गेली.

डॉक्टर एकदाच बाहेर आले. कपाळावर आरसा तसाच होता. सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, "बाई, खरं सांग. माझ्याकडून झालं का?" लोकांना वाटलं, माणूस आता गयावया करतोय. चिन-येच्या मात्र लक्षात आलं की ते विचारत आहेत ते खरंच विचारत आहेत. त्यांना स्वतःला खात्री उरली नव्हती. त्या दिवशीची घाई, उपाशी पोट, दाबून धरलेलं तिचं डोकं, हे त्यांनी मनात इतक्या वेळा फिरवलं असणार की पाहिलेल्या कडाही आता त्यांना नीट आठवत नसाव्यात. ती फडक्याची गाठ चाचपत राहिली. मानकाकू म्हणाली, "बहिरीला काय विचारता?" आणि लोक हसले.

त्येन-फूची बोट नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यात लागली. धक्क्यावरच त्याला कुणीतरी सांगितलं. तो अंगावरच्या खारट कपड्यांनिशी बहिणीच्या दारात आला. त्याने आधी कुओ-तुंगकडे पाहिलं, मग तिच्या कानातल्या कापसाकडे, मग पुन्हा कुओ-तुंगकडे.

"याने?" त्याने बहिणीला विचारलं.

कुओ-तुंगचा चेहरा पिठासारखा झाला. मानकाकूने पुढे होऊन चहा ठेवला आणि सगळं सांगितलं, दवाखान्यातली किंचाळी, बाकांवरचे साक्षीदार, एकेकाची नावं. "बंदरात कुणालाही विचार," ती म्हणाली. "हा बिचारा तर तिला हाताने भरवतोय." त्येन-फूने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा बहिणीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तिला वाटलं, दादा फार तर दवाखान्यात जाऊन शिव्या देईल. म्हणजे तसं वाटून घेतलं तिने. खरं सांगितलं तर नवरा मार खाईल, मग भाऊ निघून जाईल आणि ती त्याच घरात उरेल, एवढंच तेव्हा तिला दिसत होतं.

त्येन-फूने तिचा हात धरला आणि म्हणाला, "चल. तुझ्यासमोर झालं पाहिजे."

दवाखाना रिकामा होता. डॉक्टर टेबलाशी नळ्या पुसत बसले होते. मानकाकू आणि कुओ-तुंग मागून येऊन दारात थांबले. त्येन-फूने काही विचारलं नाही. त्याने डॉक्टरांना कॉलर धरून खाली आणलं, त्यांचा उजवा हात फरशीवर सरळ केला आणि त्यावर बूट ठेवला. डॉक्टरांची बायको खिडकीमागून ओरडली, तर त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. गाल फरशीला चिकटलेला होता. "तुमच्या बहिणीला विचारा. एकदा विचारा. मग काय करायचं ते करा."

त्येन-फू थांबला. चिडलेला माणूस असा थांबत नाही. पण तो चिडका नव्हताच, तो न्याय करायला आला होता. त्याने मान वळवली. "चिन-ये, कुणी केलं?"

दारात सासू होती, तिच्या खांद्यामागे नवरा. समोर भाऊ, आणि फरशीवरून वर बघणारा तो एक डोळा, ज्याच्यावरचा आरसा घसरून कानापाशी आला होता. किती सोपं होतं. मान मागे वळवून नुसतं बघितलं असतं तरी त्येन-फूला कळलं असतं.

चिन-येने बोट उचललं आणि खाली, डॉक्टरांकडे दाखवलं.

त्येन-फूने सगळा भार त्या पायावर टाकला आणि टाच फिरवली. मग दुसऱ्यांदा. खारवलेल्या माशाचा काटा मोडतो तसा आवाज झाला. डॉक्टर ओरडले नाहीत, निदान लगेच नाही. ते चिन-येकडेच बघत होते. शेवटी ओरडले तेव्हा रस्त्यावरची माणसं आत आली, आणि त्यांनाही त्येन-फूला बाजूला करायची घाई नव्हती.

पोलिसांनी त्याला त्याच दिवशी नेलं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जातात. चिन-येला जायला घर नव्हतं. तिने अंगणात जवळा उलटा-पालटा केला.

आणि कान बरा झाला. डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं होतं अगदी तसाच. एका सकाळी नाक शिंकरलं तर वारा आला नाही. काही दिवसांनी डाव्या बाजूने समुद्र ऐकू आला, मग भांड्यांचा आवाज, मग सगळंच. तिने आनंदाने ते सासूला सांगितलं. मानकाकूने निवडत असलेला जवळा खाली ठेवला.

"कुणाजवळ बोलू नकोस," ती म्हणाली. "अजून खटला व्हायचाय. बहीण जन्माची बहिरी झाली म्हटलं तर न्यायाधीश तुझ्या भावाला थोडी दया दाखवेल. कान बरा झाला म्हटलं तर? कशासाठी मोडला मग त्या माणसाचा हात?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. चिन-ये कोर्टात कापूस घालून गेली. प्रश्न डावीकडून आला की ती ऐकू न आल्यासारखी करी आणि उजवा कान पुढे आणी. डॉक्टर शियाओ साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं की तुमच्या तपासणीने पडदा फाटला असण्याची शक्यता आहे का. त्यांनी खिशातला हात आणखी आत सरकवला. मग म्हणाले, "अशक्य आहे असं मी म्हणू शकत नाही." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, असं लोक म्हणाले. त्येन-फूला शिक्षा झालीच, पण अपेक्षेपेक्षा कमी.

त्यानंतरही तिने बहिरेपणा सोडला नाही. सोडून सांगणार काय? घरात तिच्या डाव्या बाजूला बसून काहीही बोललं तरी चालतं अशी सगळ्यांना सवय झाली. एके दुपारी ती अंगणात निवडत बसली होती आणि डावीकडे मायलेक चहा पीत होते. कुओ-तुंग म्हणत होता की नशीब, त्या दिवशी तू तिला शियाओकडे नेलंस.

"नशीब कसलं," मानकाकू म्हणाली. "पिंगतुंगच्या मोठ्या इस्पितळात नेली असती तर त्यांनी हळूच बघून कागदावर लिहून दिलं असतं, थप्पड. याच्याकडे ओरडणार हे नक्की होतं. आणि बाहेर बाक भरलेले हवेत, म्हणून सोमवार चुकवला नाही."

कुओ-तुंग हसला. "आई, तू म्हणजे..."

"तुझा हात वाचवला मी," म्हातारी म्हणाली. "पुन्हा उचलायचाच असेल तर पाठीवर. कानावर नको."

चिन-येची बोटं थांबली नाहीत. जवळ्यातला बारीक मासा बाजूला, जवळा इकडे. ताटली भरली तशी ती उठली, हात धुतले आणि बाजारात जाते म्हणून बाहेर पडली.

दवाखान्यावरची पाटी काढलेली होती. दार डॉक्टरांच्या बायकोने उघडलं आणि तिला बघून पुन्हा लावायला लागली. पण आतून डॉक्टर म्हणाले, येऊ दे. ते खिडकीजवळ बसले होते. उजव्या हाताची बोटं वाकून एकमेकांवर चढलेली होती, एखाद्या सुकवलेल्या माकुलासारखी. तिने काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "कान दाखव."

बायकोने दिवा धरला. त्यांनी डाव्या हाताने नळी घातली. त्या हाताला सवय नव्हती, तरी इतक्या हलक्याने त्यांनी आजवर कुणाचा कान पाहिला नसेल. "भरून आलाय," ते म्हणाले. "छान भरून आलाय." मग नळी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मी खपली ओढली तेव्हा आत काही फाटल्यासारखं वाटलं होतं का? आठवून सांग."

तिने सांगितलं. आदल्या दिवशीची थप्पड, आणि दवाखान्यात यायच्या आधीच सकाळी नाक शिंकरताना कानातून आलेला वारा. डॉक्टरांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. ते ऐकत राहिले आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं. नंतर ते रडले. सुटका झाल्यासारखे नाही; कुणीतरी दुसऱ्यांदा बूट ठेवल्यासारखे.

"रोज," त्यांची बायको म्हणाली, "रोज उठून हा माणूस मला विचारतो, माझ्याकडून झालं का गं? मी म्हणते, नाही. म्हणतो, तुला काय माहीत. आणि तुला आज सवड झाली."

"कोर्टात सांगशील?" डॉक्टरांनी विचारलं.

चिन-ये म्हणाली, "मग दादाचं काय होईल?"

बायकोने दिवा विझवला आणि दार उघडून धरलं. "जा," ती म्हणाली. "सांगू नकोस. पण इथे हलकं व्हायला पुन्हा येऊ नकोस."

त्याच महिन्यात ती तुरुंगात त्येन-फूला भेटायला गेली. मध्ये जाड काच आणि दोन्हीकडे टेलिफोनसारखे रिसीव्हर. तो आला, बसला, बारीक झालेला दिसला. तिने घाईघाईने रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. त्येन-फू बोलायला लागला आणि मध्येच थांबला. तो तिच्या हाताकडे बघत होता. रिसीव्हर डाव्या कानाला होता.

"ऐकू येतं?" त्याने विचारलं.

तिला रिसीव्हर दुसरीकडे नेता आला असता. तिने नेला नाही. "येतं," ती म्हणाली. "कान आपोआप बरा होणारच होता. डॉक्टरांनी काही केलं नव्हतं, दादा. ते कुओ-तुंगने केलं होतं. आदल्या दिवशी."

काचेपलीकडे त्येन-फूच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बोटीवर वादळ येताना तो असाच दिसत असे, असं लोक सांगत. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "पाय ठेवून थांबलो होतो आणि तुला विचारलं होतं."

"मला भीती वाटली."

"कुणाची? मी तिथे होतो."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, उठला, आणि भेटीची वेळ संपायच्या पुष्कळ आधी मागचं दार वाजवून आत निघून गेला. पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा खिडकीवरच्या शिपायाने सांगितलं, कैदी भेटायला नको म्हणतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

पहिल्या भेटीच्या दिवशीच तिने जेवताना घरात सांगून टाकलं होतं. आवाज न चढवता, सासूच्याच पद्धतीने. "दादाला सगळं कळलंय. कानाचंही, आणि सोमवारचंही." कुओ-तुंगच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. मानकाकूने पहिल्यांदा सुनेच्या डाव्या बाजूला पाहिलं, मग उजव्या, आणि चिन-येला कळलं की म्हातारी आठवते आहे, या दिवसांत कोणत्या बाजूला बसून आपण काय काय बोललो.

तेव्हापासून त्या घरात चिन-येवर कुणी हात उचलला नाही. माशाचं डोकं तिला पहिलं वाढलं जातं. सकाळचा जवळा म्हातारी स्वतः वाकून पसरते, गुडघे धरून. कुओ-तुंग बंदरावर एखाद्या बोटीचा भोंगा झाला तरी दचकतो. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आलं. ते दोघं कुठे गेले कुणाला माहीत नाही, आणि बंदरावर अजूनही पोरांना दटावतात ते, शियाओकडे नेऊन कान फोडून आणीन, असंच. चिन-येने कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.

महिन्यातून एकदा ती चांगला ब्लाऊज घालून, केस बांधून, बसने तुरुंगात जाते. खिडकीवर नाव सांगते. शिपाई आत विचारून येतो आणि नाही म्हणतो. ती तरी बाकावर बसून राहते, इतर बायकांच्या भेटी होईपर्यंत, आणि मग परतीची बस धरते. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मायलेक तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ती आधी सूप संपवते.

"दादा तुमची चौकशी करत होता," ती म्हणते.

"काय म्हणाला?" कुओ-तुंग अगदी बारीक आवाजात विचारतो.

"म्हणाला, प्रकृतीला जपा म्हणावं. मी येईपर्यंत." आणि माशाच्या गालाचा तुकडा उचलून ती सावकाश जेवायला लागते.